चहाला त्याची स्वतंत्र वेळ द्या

सकाळी उठल्या उठल्या एक कप, नाश्त्याबरोबर दुसरा, अकरा वाजता कामावर तिसरा, चारला चौथा, आणि मधे कुणी आलं-गेलं की त्यांच्या निमित्ताने अर्धा-अर्धा. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत चहाचा दिवस असाच जातो. चहा चांगला की वाईट, असं लोक वारंवार विचारतात. पण या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. तो कधी घेतला, कशासोबत घेतला, किती गरम होता आणि त्यात साखर किती होती, यावर सगळं अवलंबून असतं. यातही ‘कधी’ आणि ‘कशासोबत’ याकडे आपलं सगळ्यांत कमी लक्ष असतं, आणि आपल्याकडच्या बायकांचं सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं.

चहा-चपातीचंच बघा. रात्रीची उरलेली चपाती सकाळी चहात बुडवून खाल्ली की नाश्ता झाला, अशी सवय शहरातल्या चाळीपासून ऊसतोडीच्या तळापर्यंत सगळीकडे आहे. स्वस्त, झटपट, आणि पोटाला आधार. पण गव्हात, बाजरीत, डाळीत, पालेभाजीत जे लोह असतं ते मुळातच शरीरात कमी शोषलं जातं. त्यात चहा आला की चहातली टॅनिनसारखी तुरट द्रव्यं आतड्यात त्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. जेवणासोबत चहा घेतला तर वनस्पतीजन्य अन्नातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटू शकतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. चहात दूध घातलं म्हणून यातून सुटका होत नाही. मटण-मासळीतल्या लोहावर हा परिणाम बराच कमी होतो. म्हणजे शाकाहारी माणसाला, आणि ज्यांच्या ताटात मांसाहार महिन्यातून एखाद्या वेळीच येतो त्यांना, याची झळ जास्त बसते.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. हे सगळं चहामुळे झालं असं मुळीच नाही. अपुरं अन्न, पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं, पोटातले जंत अशी मोठी कारणं आहेत. पण ज्या बाईच्या ताटात लोह आधीच तुटपुंजं आहे, तिने ते चहासोबत वाया घालवावं हे फार वाईट. कारण ही एक गोष्ट पैसा न लावता आजच्या आज सुधारता येते.

उपाय साधा आहे. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितलं आहे. सकाळी चहाशिवाय डोळे उघडत नसतील तर उठल्यावर चहा घ्या आणि चपाती, पोहे, उपमा जे काही असेल ते तासाभराने खा. चपाती कोरडी जात नाही अशी अडचण असेल तर ती दुधात, ताकात, नाहीतर रात्रीच्या उसळीच्या रश्श्यात कुस्करा. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली पद्धत फार शहाणी आहे, ती सोडू नका. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं. त्यामुळे लिंबू पिळलेल्या पोह्यांच्या बशीशेजारी वाफाळता चहा ठेवणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. पाहुण्यांना चहा-पोहे एकत्र द्यायचा रिवाज मोडायची गरज नाही, कधीतरीच्या एका वेळेने काही बिघडत नाही. रोजच्या नाश्त्याचं तेवढं बदला.

गोळ्यांच्या बाबतीत तर याहून कडक राहायला हवं. गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, अशा १८० दिवसांच्या लोहाच्या लाल गोळ्या सरकारी आरोग्यकेंद्रातून मिळतात. आशाताई घरी आणून देतात, आठवण करतात. आणि घरात ती गोळी सगळ्यांत सोयीच्या वेळी, म्हणजे हातात कप असतानाच तोंडात टाकली जाते. महिनोन् महिने गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही अशी तक्रार असेल, तर गोळी कशासोबत घेता हे आधी पाहावं. ती साध्या पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घ्या. चहाचं अंतर आधी आणि नंतर किमान एक तास, जमलं तर दोन तास. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासा-दोन तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. गरोदरपणात कॅल्शियमची गोळीही देतात. ती लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवावं. वयात आलेल्या मुलींना शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळीलाही हाच नियम लागू.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांची संख्या आता बरीच मोठी आहे. ती रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफी काहीही नाही. हा नियम डॉक्टर सांगतात, पण सकाळच्या घाईत तो गळून पडतो. मग तपासणीत आकडे वर-खाली होतात आणि गोळीचा डोस वाढवत न्यावा लागतो. सोपी युक्ती म्हणजे गोळीची बाटली उशाशी ठेवायची, डोळे उघडले की आधी गोळी, मग आंघोळ, पाणी भरणं, डबा, आणि मग चहा. काही जंतुनाशक औषधं, उदाहरणार्थ डॉक्सीसायक्लीन, दुधातल्या कॅल्शियममुळे नीट शोषली जात नाहीत. त्यामुळे अशा गोळ्या दुधाच्या चहासोबत नकोत. खरं तर कोणतीही गोळी चहासोबत न घेणं, एवढी एक सवय लावून घेतली की वेगवेगळे नियम लक्षात ठेवायचं कारण उरत नाही.

तपासण्यांच्या वेळी होणारा घोळही इथेच सांगते. उपाशीपोटी साखर तपासायला जाताना पुष्कळ लोक घरून अर्धा कप चहा घेऊन निघतात, आणि विचारलं की सांगतात, ‘काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतलाय.’ दूध-साखरेचा चहा घेतला की उपास मोडला, रिपोर्ट चुकीचा आला. रक्तदाब मोजण्याआधीही निदान अर्धा तास चहा टाळा, कॅफीनने तो थोडा वेळ वाढतो. आणि शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल तर दुधाचा चहा हा अन्नातच मोडतो, पाण्यात नाही. पोटात काही असताना भूल दिली तर ते श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकतं. रुग्णाला कासावीस वाटतंय म्हणून नातेवाइकांनी मायेने घोटभर चहा पाजणं इथे खरोखर धोक्याचं आहे. चुकून दिलाच गेला असेल तर लपवू नका, भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. शस्त्रक्रिया काही तास पुढे गेली तरी चालेल.

उपासाच्या दिवसांकडेही लक्ष द्यायला हवं. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. यांत कितीतरी बायका दिवसभर चहावर राहतात. भूक लागली की चहा, थकवा आला की चहा. चहाने भूक मरते हे खरं, पण गरज भागत नाही. रिकाम्या पोटी वारंवार चहा घेतला की आम्ल वाढतं, जळजळ होते, आंबट ढेकर येतात, संध्याकाळी डोकं चढतं. उपास धरायचाच असेल तर चहाच्या दोन वेळांच्या जागी ताक, शहाळं, नाहीतर दूध घ्या, सोबत शेंगदाणे, राजगिरा, फळ असू द्या. ज्यांना आधीच पित्ताचा त्रास आहे त्यांनी रोजच्या दिवशीही अगदी रिकाम्या पोटी चहा टाळावा. ‘चहा घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आठवडाभर उठल्यावर आधी पेलाभर कोमट पाणी पिऊन पाहावं, बऱ्याच जणांचं त्यावर भागतं.

आता गरमपणाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये, ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम असलेली पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असा निष्कर्ष काढला. दोष चहाचा किंवा कॉफीचा नाही, उष्णतेचा आहे. नाजूक अस्तर रोज भाजत राहिलं की ते पुन्हापुन्हा भरून येताना बिघाड होण्याची शक्यता वाढते. तंबाखू, मिश्री, विडी, दारू यांची सवय असलेल्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका मुळातच जास्त असतो, त्यांनी तर याबाबत फार जपायला हवं. आधण उतरवून लगेच गाळलेला चहा ६५ अंशांच्या बराच वर असतो. घरात थर्मामीटर लावून कुणी चहा पीत नाही, म्हणून खूण सांगते. स्टीलचा पेला बोटांनी सहज धरवत नसेल तर तो चहा अजून पिण्याजोगा झालेला नाही. चार-पाच मिनिटं थांबा. आपल्या आजी-आजोबांची बशीत ओतून चहा प्यायची पद्धत यासाठी उत्तम आहे. पसरट बशीत चहा झटकन निवतो, आणि फुंकर मारत, फुरके घेत प्यायल्याने घशाला चटका बसत नाही. चारचौघांत बशीतून पिणं गावंढळ दिसतं म्हणून ती सवय सोडलेल्यांनी खुशाल परत धरावी.

साखरेचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. साखर आणि गुळासारख्या वरून घातलेल्या गोड पदार्थांपासून दिवसभरात सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहणं सर्वांत हिताचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चहाचा सपाट भरलेला एक चमचा म्हणजे साधारण ४ ते ५ ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप धरले तर ३२ ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली, त्यात सोबतची बिस्किटं, खारी, टोस्ट धरलेच नाहीत. पावलोपावली मिळणारा गुळाचा चहा पौष्टिक म्हणून विकला जातो. गुळाची चव आवडत असेल तर जरूर घ्या, पण मधुमेह असलेल्यांनी तो साखरेइतकाच जपून घ्यावा, गुळानेही रक्तातली साखर वाढतेच. साखर एकदम बंद केली तर चहा नकोसा होतो आणि दोन दिवसांत माणूस परत मूळ पदावर येतो. म्हणून दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. महिना-दीड महिन्यात जीभ सरावते, आणि मग पूर्वीइतका गोड चहा स्वतःलाच जड वाटू लागतो. साखर कमी करताना आलं, वेलची, गवती चहाची पात थोडी जास्त घातली तर उणीव कमी जाणवते. घरात मात्र सगळ्यांसाठी एकत्र साखर आधणात घालण्याची पद्धत बंद करावी लागेल. साखरेचा डबा बाहेर ठेवा, ज्याने त्याने आपापली घ्यावी.

कॅफीनचा विषय थोडक्यात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचनांनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, आणि दिवसभराची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे निरोगी माणसाला मध्यम आकाराचे तीन-चार कप पचतात. गरोदर बाईने २०० मिलिग्रॅमच्या आत राहणं सुरक्षित समजलं जातं, म्हणून तिने दोन, फार तर तीन लहान कप, आणि त्यात कॉफी-कोलाही मोजायचं. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. गरोदरपणात त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे झोपेची तक्रार असलेल्याने दुपारी चारचा चहा शेवटचा समजावा. चहा अचानक सोडला की डोकं दुखतं, चिडचिड होते, ती काही दिवसांत आपोआप शमते. एकेक कप कमी करत गेलात तर हा त्रास होत नाही.

चहाचे गुणही सांगायलाच हवेत. ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख लोकांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज दोन किंवा अधिक कप काळा चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण किंचित कमी आढळलं, आणि दूध घातलं तरी त्यात फरक पडला नाही. असे अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाहीत, आणि तिथला चहा आपल्यासारखा उकळलेला, साखरेने घट्ट झालेला नसतो. पण बेताने घेतलेल्या चहाची धास्ती बाळगायचं कारण नाही, एवढं यातून नक्की कळतं. चहाने मुलं काळी होतात वगैरे समजुतीत तर काहीच तथ्य नाही.

ग्रीन टीचा कप चालतो. वजन उतरवण्यासाठी मिळणाऱ्या, ग्रीन टीचा अर्क असलेल्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. अर्काच्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तसंच ज्येष्ठमध घातलेला काढा महिनोन् महिने घेतल्याने रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम कमी होऊ शकतं. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी ज्येष्ठमध टाळलेलाच बरा.

सुटी पावडर घेत असाल तर ती घरी तपासता येते. वापरलेला चोथा वाळवून, रंग लावून पुन्हा विकायचे प्रकार घडतात. गाळण कागदावर किंवा पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पावडर पसरा आणि वरून पाण्याचे थेंब शिंपडा. मग पावडर झटकून, कागद धुऊन उजेडात पाहा. गडद तपकिरी किंवा काळसर डाग पसरलेले दिसले तर रंग मिसळलेला आहे. चांगल्या पावडरीचा डाग अगदी पुसट असतो. दुसरी परीक्षा म्हणजे पावडरीवरून लोहचुंबक फिरवणं, लोखंडाचा कीस असेल तर चिकटतो. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

टपरीवर चहा पिताना माझा पहिला सल्ला म्हणजे पिशवीत एक छोटा स्टीलचा पेला ठेवावा. एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात विसळलेल्या काचेच्या पेल्यातून कावीळ, अतिसार पसरू शकतात. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १५ मिनिटं गरम पाणी ठेवलं तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. त्यांचा शरीरावर नेमका किती परिणाम होतो याचा अभ्यास अजून चालू आहे, पण दिवसातून चार वेळा ते पोटात कशाला घालायचे? पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गरम चहा बांधून आणणं मात्र पूर्ण बंद करा. कार्यालयात पोऱ्या पिशवीत चहा आणत असेल तर वर्गणी काढून एक किटली किंवा थर्मास घ्या, खर्च फार नाही. आणि पातेल्यात उरलेला दुधाचा चहा उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त बाहेर राहिला असेल तर तापवून पिऊ नका, ओतून द्या.

लहान मुलांबद्दल शेवटी सांगते, पण याला महत्त्व कमी नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला चहा नको, ‘थोडासाच, बिस्किट बुडवून’ असाही नको. त्याने भूक मोडते, दूध मागे पडतं आणि त्याच्या वाट्याचं लोह कमी होतं. रडतंय म्हणून बशीभर चहा देण्यापेक्षा केळं, राजगिऱ्याचा लाडू, नाचणीची पेज द्या. आणि घरात रांगतं-चालतं मूल असेल तर चहाचा कप जमिनीवर, टेबलाच्या काठावर किंवा मूल मांडीवर असताना हातात नको. दहा-वीस मिनिटांपूर्वी गाळलेला चहाही लहानग्याची कातडी पोळू शकतो. अंगावर चहा सांडलाच तर भिजलेले कपडे आणि कडी-करगोटा लगेच काढा, चिकटलेलं कापड ओढू नका. भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, बर्फ नको. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नका. नंतर स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. चेहरा, हात, पाय, जांघ किंवा गुप्तांगावर भाजलं असेल, फोड आले असतील, किंवा मुलाच्या तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.